तिसरी हाक

साखरवेळ बंदरातल्या तांडेलांचे, म्हणजे बोटींच्या कप्तानांचे, आवाज भरून घेतले, त्या दिवशी रूपेशला सारखं हसू येत होतं. मच्छीमार सोसायटीच्या वरच्या खोलीत खिडक्यांना गोधड्या लावल्या होत्या, खालच्या बर्फाच्या कारखान्याची घरघर आत येऊ नये म्हणून. टेबलावर माइक, पलीकडे यंत्र बनवणाऱ्या कंपनीची मुलगी, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर रूपेशची बायको हर्षाली. सोसायटीची वायरलेस खोली तीच सांभाळायची. रूपेशने फक्त समोरची वाक्यं वाचायची होती. 'पाणी इंजिनाच्या वर आलं आहे.' 'आम्ही बोट सोडत आहोत.' एवढं वाचून तो थांबायचा.

"असं कोण बोलतं गो?" तो हर्षालीकडे बघून म्हणाला. "बोट बुडायला लागली तर मी म्हणेन, धावा रे, बुडलो."

"तेही म्हणा," कंपनीची मुलगी म्हणाली. "तुम्ही जसे बोलता तसंच हवंय."

मग तो बोलला. धावा रे, बुडलो. आणि पुन्हा हसला. हर्षाली हसली नाही. तिला तो आवाज ऐकवेना. पण हे काम तिनेच सोसायटीच्या सभेत मांडून मंजूर करून घेतलं होतं, त्यामुळे ती गप्प बसली.

समुद्रावर वायरलेसवरून तीन हाका देता येतात आणि त्या सगळ्या जगात सारख्याच आहेत. जीव जायची वेळ आली, बोट बुडते आहे, आग लागली आहे, तर 'मेडे', लागोपाठ तीनदा. ती ऐकली की बाकी सगळ्यांनी बोलणं थांबवायचं आणि जवळ असेल त्याने धावायचं. बोट अडचणीत आहे, मदत हवी आहे, पण जिवावर बेतलेलं नाही किंवा बेतलंय की नाही ते कळत नाही, तर 'पॅन-पॅन'. आणि आपल्यासाठी काहीच मागायचं नाही, नुसतं दुसऱ्यांना सावध करायचं आहे, वाटेत ओंडका तरंगतोय, खडकावरचा दिवा विझलाय, तर 'सिक्युरिते'. कोळीवाड्यात त्यांना पहिली, दुसरी आणि तिसरी हाक म्हणत.

ऐकायला हे सोपं आहे. पण भ्यालेल्या माणसाला आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत ते समजत नाही. कुणाचं इंजिन बंद पडलं की तो मेडे ओरडायचा आणि बचाव केंद्राचं हेलिकॉप्टर उगाच येऊन जायचं. उलट गुडघाभर पाणी चढलेला एखादा मानी तांडेल पॅन-पॅन म्हणत राहायचा, का तर उद्या बंदरात हसतील. चुकीच्या हाकांनी त्या किनाऱ्यावर माणसं मेली होती.

म्हणून ते यंत्र आलं. त्याचं नावच 'हाक' ठेवलं होतं. केशरी रंगाची, टिफिनच्या डब्याएवढी पेटी. बोटीच्या तळाशी पाणी किती साचलं, बोट कलते किती आणि सावरते किती, इंजिन किती तापलं, वारा-पाणी कसं आहे, हे तिला कळत असे. प्रत्येक खलाशाच्या मनगटावर एक पट्टी असे, ती त्याची नाडी पेटीला कळवायची. हे सगळं तोलून पेटी ठरवायची की कुठली हाक द्यायची, आणि स्वतःच द्यायची. बोट बुडाली तर ती आपोआप सुटून दोरीला बांधलेली वर तरंगत राहायची. पाठीवर सौरपट्टी होती, तेव्हा वीज संपायचा प्रश्न नव्हता. कुणी वायरलेसवरून काही विचारलं तर ती उत्तरही द्यायची.

तिने तांडेलाच्या आवाजात का बोलायचं, हा प्रश्न हर्षालीने पहिल्याच बैठकीत विचारला होता. कंपनीवाल्यांनी सांगितलं की यंत्राचा आवाज आला की लोक बटण फिरवून तो बारीक करतात, हे त्यांनी पुष्कळदा पाहिलं आहे. ओळखीच्या माणसाचा आवाज आला तर तोच माणूस बोट वळवतो. हर्षालीला ते पटलं होतं. ती स्वतःही तशीच होती.

दिवाळी झाल्यावर अरबी समुद्रात वादळ उठलं. ते पश्चिमेला जाणार असं सांगितलं होतं, पण ते किनाऱ्याकडे वळलं. दुपारपर्यंत बहुतेक बोटी बंदरात आल्या. 'दर्यासखी' यायची होती. रूपेश आणि तीन खलाशी.

हर्षाली वायरलेसपाशी बसली होती. आदल्या दिवशीपासून तिने काही खाल्लं नव्हतं असं नाही, पण काय खाल्लं ते तिला आठवत नव्हतं. मग आवाज आला.

"मेडे, मेडे, मेडे. दर्यासखी, दर्यासखी, दर्यासखी. तांबडखडकाच्या पश्चिमेला. पाणी इंजिनाच्या वर आलं आहे. बोटीवर चार माणसं."

"दर्यासखी, मी साखरवेळ. ऐकलं," ती म्हणाली, आणि मग राहवलं नाही. "रूपेश, जॅकेटं घातलीत ना सगळ्यांनी?"

"चार मनगटपट्ट्या. चार नाड्या. बोट उजवीकडे कलली आहे."

हर्षालीने माइकवरचा हात काढला. रूपेश त्या पट्टीला घड्याळ म्हणायचा. मनगटपट्टी हा शब्द त्याच्या तोंडून तिने कधी ऐकला नव्हता.

बंदरातून दोन बोटी धावल्या. तो आवाज ऐकूनच धावल्या, हे नंतर त्या तांडेलांनी सांगितलं. बर्फाच्या रिकाम्या पेटीला धरून तरंगणारे तीन खलाशी त्यांना मिळाले. रूपेश मिळाला नाही. बोटीचं जाळं तांबडखडकात अडकलं होतं, ते कापायला तो मागे राहिला आणि बोट त्याच्यासकट उलटली. खडकावर लाटा अशा फुटत होत्या की दोन्ही बोटींना जवळ जाता येईना. त्या वाचलेल्यांना घेऊन परतल्या.

वायरलेसवर आता रूपेशचा आवाज म्हणत होता, "मेडे. एक माणूस पाण्यात. एक नाडी."

हर्षालीने बचाव केंद्राला पुन्हा कळवलं. हेलिकॉप्टर निघायच्या तयारीत आहे असं उत्तर आलं. तिने वाट पाहिली. खोलीच्या बाहेर जिन्यावर माणसं बसली होती. दिवेलागणीच्या सुमाराला पेटीने हाक बदलली.

"पॅन-पॅन, पॅन-पॅन, पॅन-पॅन. दर्यासखी. एक मनगटपट्टी. संपर्क तुटक. माणसाची स्थिती अनिश्चित."

त्यानंतर लगेच बचाव केंद्रातून फोन आला. अधिकाऱ्याचं नाव कुरियन होतं. बऱ्याच वर्षांच्या नोकरीने त्याचं मराठी चांगलं झालं होतं.

"मॅडम, इकडे एकच हेलिकॉप्टर उरलंय. बाकीची दक्षिणेला गुंतली आहेत. जयगडबाहेर 'मीनाक्षी' म्हणून बोट आहे, इंजिनाला आग, सात माणसं, मेडे आहे. तुमची आत्ताच पॅन-पॅन झाली."

"हो. ऐकली मी."

"किनाऱ्यावरच्या वायरलेस चालकाला ती हाक वर न्यायचा अधिकार आहे. तुम्ही ती मेडे केलीत तर दोन मेडे होतील आणि तुमची जागा जवळची आहे. मग मी आधी तुमच्याकडे पाठवेन. पण त्याला काहीतरी माहिती लागते. तो जिवंत आहे अशी काही माहिती आहे का तुमच्याकडे?"

हर्षालीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमचं नाव सांगा, मला नोंदवावं लागेल."

"हर्षाली रूपेश चोगले."

पलीकडे कुरियन थांबला. त्याच्यासमोर तांडेलाचं नाव असणार.

"मॅडम, दुसरं कुणी आहे का तिथे चालक?"

"नाही."

"मग मला तुम्हालाच विचारायला लागतंय. मला माफ करा. माहिती आहे का?"

समोर माइक होता. बटण दाबून तिने पेटीला विचारलं असतं तर पेटीने उत्तर दिलं असतं. पण ते उत्तर रूपेशच्या आवाजात आलं असतं, आणि तो आवाज काहीही बोलला असता तरी आपण मेडेच म्हणणार, हे तिला आतून कळत होतं. जयगडची सात माणसं तिला दिसत नव्हती. ती दिसावीत म्हणून तिने डोळे मिटले. मग ती म्हणाली, "नाही. माहिती नाही."

"ठीक आहे," कुरियन म्हणाला. "तिकडचं झालं की लगेच तुमच्याकडे."

मीनाक्षीवरची सातही माणसं वाचली. त्यानंतर हेलिकॉप्टर तांबडखडकावर आलं, पण तोवर अंधार आणि पाऊस इतका झाला होता की खाली प्रकाश टाकला तरी पांढऱ्या फेसाशिवाय काही दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी वादळ ओसरलं. नौका आल्या, विमान आलं. नंतरचे काही दिवस शोध चालला आणि मग थांबला.

पेटी मात्र थांबली नाही.

दर्यासखीच्या पोकळ कप्प्यांत फोम भरलेला होता, त्यामुळे ती पुरती बुडाली नव्हती. उलटी होऊन, जाळ्याने खडकाला अडकून, पाण्याच्या पातळीखाली लोंबकळत होती. तिच्या दोरीला ती केशरी पेटी. ऊन पडलं की ती चार्ज व्हायची आणि ठराविक वेळाने बोलायची. पॅन-पॅन. एक मनगटपट्टी. स्थिती अनिश्चित. यंत्राच्या नियमाप्रमाणे ते खरंच होतं. माणूस सापडला नव्हता आणि मेला असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ते सांगायचं काम हर्षालीचं होतं. चालकाने शोध संपल्याचं कळवलं की पेटी तिसऱ्या हाकेवर येणार होती. कुरियनने एकदा फोन करून हळूच आठवणही केली. हर्षाली म्हणाली, "करते." पण केलं नाही.

कारण तोवर तिची सासू खोलीत येऊन बसायला लागली होती. सुगंधा चोगले साखरवेळच्या बाजारात मासळीचा लिलाव बोलायची. तिच्या आवाजाने अख्खा धक्का दणाणायचा. आता ती सकाळी यायची, खिडकीजवळच्या बाकावर बसायची आणि वायरलेसकडे बघत राहायची. पेटी बोलली की तिचे ओठ हलायचे, जसं काही तीही त्याच्यासोबत म्हणतेय. जेवायला घरी जायची आणि पुन्हा यायची.

"आज जरा बसल्यासारखा वाटतो नाय आवाज?" एकदा तिने विचारलं.

"पेटी आहे ती, आई. तिचा आवाज बसत नाही."

"मना म्हायती हाय पेटी आहे ते," सुगंधा म्हणाली. "तरी बसलाय."

सोसायटीच्या अध्यक्षांनी पेटी काढून आणायची म्हटलं तर कुणी जायला तयार होईना. तांडेल लोक तांबडखडकाला लांबून वळसा घालून जायचे आणि त्या पट्ट्यात वायरलेस बंद ठेवायचे. रूपेश हाक मारतोय आणि आपण पुढे जातोय, हे त्यांना सोसत नव्हतं. सुगंधा अध्यक्षांना म्हणाली, राहू दे थोडे दिवस. ते म्हणाले, राहू दे.

हर्षालीही पेटीशी बोलायला लागली. खोलीत कुणी नसलं की ती बटण दाबायची आणि विचारायची, वारा कसा आहे, पाणी किती गार आहे. रूपेशच्या आवाजात उत्तर यायचं. वारा वायव्येकडून. पाणी कोमट. धुण्याचे कपडे वाळत घालून आल्यावर, भात लावून आल्यावर, ती असं काहीबाही विचारायची. एक प्रश्न सोडून सगळं विचारायची. 'तुटला' आणि 'तुटक' यात फरक आहे. तो तिला त्या संध्याकाळीही ठाऊक होता. पेटी तुटक म्हणाली होती.

मार्गशीर्षात कर्नाटकातल्या मालपेची एक ट्रॉलर उत्तरेकडे जात होती. तिच्या तांडेलाला साखरवेळची हकिकत माहीत नव्हती. त्याने पॅन-पॅन ऐकलं आणि बोट वळवली. तांबडखडकाजवळ येताच दर्यासखीचं जाळं त्याच्या पंख्यात गुंडाळलं गेलं, इंजिन बंद पडलं आणि बोट खडकावर घासली. एका खलाशाचा पाय बोट आणि खडक यांमध्ये सापडला. त्याला साखरवेळच्या दवाखान्यात आणलं आणि तिथून रत्नागिरीला नेलं. पाय वाचेल की नाही, सांगता येत नव्हतं.

मालपेचा तांडेल वायरलेस खोलीत आला. पन्नाशीचा, शांत माणूस. तो चिडला नाही. हिंदी-मराठी मिसळून त्याने एवढंच विचारलं, "माणूस बोलत होता. माणूस बोलतोय तर जायचं नाही का?"

"जायचं," हर्षाली म्हणाली. "तुमची चूक नाही."

"मग कोणाची?"

बाकावर सुगंधा बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तो गेला. खाली बर्फाचा कारखाना घरघरत होता. मग सुगंधा उठली, टेबलापाशी आली आणि म्हणाली, "कुठलं बटण दाबायचं?"

"आई, कशाला?"

"मना त्याला एक विचारायचंय. तू कधी विचारलं नाहीस."

हर्षालीने बटण दाखवलं. सुगंधाने ते अंगठ्याने दाबलं, आणि लिलावात बोलायची तशी नाही, अगदी घरातल्या आवाजात विचारलं, "रूपेशची नाडी कधी बंद झाली?"

वायरलेस खरखरला. मग त्याचा आवाज आला.

"नाडी बंद झाल्याची नोंद नाही. नाडी मिळाली, तुटली. मिळाली, तुटली. मिळाली, तुटली."

तो असं कितीतरी वेळ म्हणत राहिला. शेवटच्या नाडीची वेळ त्याने सांगितली. ती वेळ हर्षालीला दुसऱ्या कारणाने ठाऊक होती. त्या वेळी हेलिकॉप्टर मीनाक्षीवरच्या माणसांना एकेक करून वर घेत होतं.

"मिळाली, तुटली म्हणजे काय?" सुगंधाने विचारलं.

हर्षालीला खोटं बोलता आलं असतं. पट्टीचे संदेश पाण्यातून जात नाहीत, हे तिने शिकून घेतलं होतं आणि तांडेलांना शिकवलंही होतं. पट्टी पाण्याखाली असली की पेटीला काही कळत नाही. हाक सारखी वर-खाली होऊ नये म्हणून कंपनीने असं ठेवलं होतं की नाडी सलग मिळाल्याशिवाय पेटी पुन्हा मेडेवर जाणार नाही.

"हात पाण्याखाली गेला की तुटते," ती म्हणाली.

"आणि मिळते कधी?"

"हात वर केला की."

सुगंधा खाली बसली. बाकावर नाही, तिथेच जमिनीवर, टेबलाच्या पायाला टेकून. हर्षालीही तिच्याशेजारी बसली. तिने सगळं सांगितलं. कुरियनचा फोन, त्याने विचारलेला प्रश्न, समोरचा माइक. आपण विचारलं नाही, हे सांगितलं. का विचारलं नाही, तेही सांगायचा प्रयत्न केला, पण ते नीट सांगता आलं नाही.

"तो हात वर करत होता," सुगंधा म्हणाली.

"हो."

"आणि तू म्हणालीस, म्हायती नाय."

"हो."

बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. सुगंधाने पदराने तोंड पुसलं.

"त्या सात जणांना पोरंबाळं असतील."

"असतील."

"मना त्यांची तोंडं बघायची नायत कधी. पण ते मेले असते तर मना बरं वाटलं असतं असंही नाय." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुझंही तोंड बघवत नाय मना आता. उद्या बघवेल का, ठाऊक नाय."

हर्षालीने गुडघे जवळ ओढून घेतले.

"ती हाक बदल," सुगंधा म्हणाली. "किती दिवस हात वर करायला लावशील त्याला?"

हर्षाली उठली. आपलं नाव आणि हुद्दा सांगितला, आणि ठरलेलं वाक्य म्हटलं. दर्यासखीचा शोध संपला आहे. पाण्यात कुणी जिवंत माणूस नाही. हे वाक्य म्हणताना तिचा आवाज साफ होता, आणि तसा तो साफ आहे याची तिला लाज वाटली.

थोड्या वेळाने रूपेशने तिसरी हाक दिली.

"सिक्युरिते, सिक्युरिते, सिक्युरिते. सर्व नौकांना सूचना. तांबडखडकाजवळ बुडालेली बोट आणि जाळं आहे. कुणीही जवळ येऊ नये. दूर राहा."

सुगंधाने ते एकदा ऐकलं, पूर्ण ऐकलं, आणि ती घरी गेली. त्यानंतर कित्येक दिवस ती त्या खोलीत आली नाही. एकाच घरात दोघी राहत होत्या. सुगंधा स्वतःचं ताट स्वतः वाढून घ्यायची. कधीतरी, माघातल्या एका सकाळी, तिने चहा केला तो दोघींचा केला. कपबशी हर्षालीसमोर ठेवली आणि लिलावाला निघून गेली.

समुद्र शांत झाल्यावर बाहेरगावच्या लोकांनी येऊन दर्यासखी तोडून काढली. पेटी कंपनीने नेली.

मग नवा प्रश्न उभा राहिला. साखरवेळच्या एकाही तांडेलाला आपला आवाज पेटीत ठेवायचा नव्हता. त्यांच्या बायकांना तर नव्हताच. एकीने सोसायटीच्या सभेत उभं राहून विचारलं, उद्या माझ्या घरात असं झालं तर मी कुठे जाऊन ऐकू आणि कुठे जाऊन नको ऐकू? कंपनीची ती मुलगी पुन्हा आली होती. ती म्हणाली की मग यंत्राचा आवाज ठेवू. पण यंत्राच्या आवाजाने कुणी बोट वळवत नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं.

"माझा घ्या," हर्षाली म्हणाली. "मी रोज सगळ्यांशी बोलते. दोन्हीकडच्या बंदरांतले तांडेलही मला ओळखतात. माझ्या आवाजाला ते वळतील."

सभेने ते मान्य केलं. मागच्या रांगेत बायकांमध्ये सुगंधा होती. घरी येताना वाटेत तिने विचारलं, "आणि तुझा आवाज हाका मारील तेव्हा ऐकायचं कुणी?"

"मीच."

"सोसेल?"

"माहीत नाही, आई."

दुसऱ्या दिवशी वरच्या खोलीत खिडक्यांना गोधड्या लावायला सुगंधा आली. हर्षाली वाक्यं वाचत होती. पाणी इंजिनाच्या वर आलं आहे. आम्ही बोट सोडत आहोत. सगळं वाचून झाल्यावर कंपनीच्या मुलीने विचारलं, "तुम्ही स्वतः बोलाल तसं काही?" हर्षाली म्हणाली, "नाही. एवढंच पुरे." त्याच दिवशी तिने कंपनीकडून एक बदल लिहून घेतला. नाडी तुटक मिळत असेल तर हाक खाली आणायची नाही. मुलीने कारण विचारलं नाही. दर्यासखीची पेटी उघडून तिनेही ऐकलं असणार.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली. बोटी पुन्हा समुद्रात गेल्या. श्रावण सरता सरता, एका दुपारी, हर्षाली वायरलेसपाशी बसून हवामानाची सूचना वाचून दाखवत होती. ती थांबली, तरी तिचा आवाज थांबला नाही.

"मेडे, मेडे, मेडे. 'वेताळप्रसाद', वेताळप्रसाद, वेताळप्रसाद. बोट उलटली आहे. पाच माणसं पाण्यात. चार नाड्या. एक तुटक."

आपलाच आवाज बाहेरून कसा येतो, तो किती बारीक आणि किती सरळ आहे, हे तिला तेव्हाच समजलं. जणू कुणीतरी तिचं नाव घेऊन दुसऱ्या खोलीत बसलं होतं. तिने बटण दाबलं, बंदरातल्या बोटींना कळवलं, बचाव केंद्राला कळवलं. मग पेटीला विचारलं, "तुटक कोण?"

"दुर्गबहादूर थापा," तिचा आवाज म्हणाला.

तो या हंगामात आलेला नेपाळी खलाशी होता. त्याला पोहता येत नव्हतं. नव्या पेटीला बोलायचं भोकही होतं, पाण्यातल्या माणसाने तोंड जवळ नेलं तर ऐकू यायचं. आता त्यातून पाण्याचा आणि श्वासाचा आवाज आला. तो पेटीच्या दोरीला धरून होता.

"ताई," तो म्हणाला. "ताई, तू बोटवर हाय?"

त्याला पेटीतून हर्षाली ऐकू येत होती. पेटीची हर्षाली आणि खोलीतली हर्षाली, दोन्ही त्याच भोकातून. त्याला दोघींतला फरक कळणं शक्य नव्हतं. खिडकीतून हर्षालीला धक्का दिसत होता. पहिली बोट सुटली होती, दुसरीचा दोर सोडत होते.

"ताई, तू इकडंच हाय ना? पाण्यात?"

ती खुर्ची ओढून वायरलेसच्या अगदी जवळ बसली.

"हो," ती म्हणाली. "मी इथेच आहे, पाण्यात. दोरी सोडू नकोस. माझ्याशी बोलत राहा."

आणि तो बोलायला लागला.